बीएमपी-१ : न झालेल्या युद्धासाठी घडवलेले वाहन

१/
७ नोव्हेंबर १९६७. ऑक्टोबर क्रांतीचा सुवर्णमहोत्सव. मॉस्कोच्या लाल चौकातील संचलनात एक बुटके, टोकदार नाकाचे चिलखती वाहन जगासमोर आले. त्यावर तोफ होती, पण तो रणगाडा नव्हता. आत सैनिक बसत, पण ती केवळ सैनिक वाहून नेणारी गाडीही नव्हती. नाव बीएमपी : ‘बोयेवाया माशिना पेखोती’, अर्थात पायदळाचे लढाऊ वाहन. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/
आधी प्रश्न समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे वेगाने पुढे जात आणि पायदळ मागे राही. पायदळाविना रणगाडा आंधळा. जर्मनांनी अर्धपट्ट्यांची चिलखती वाहने वापरली. सोव्हिएत सैनिक टी-३४ रणगाड्याच्या पाठीवरच बसून लढाईत उतरत. गोळीबार सुरू झाला की प्रथम तेच टिपले जात.

३/
युद्धानंतर अमेरिकेने एम-११३ आणले. त्याचे काम मर्यादित होते : सैनिकांना रणांगणाच्या काठापर्यंत न्यायचे, पुढची लढाई त्यांनी पायी लढायची. पश्चिम जर्मनीने मात्र २० मिमी तोफेचे एचएस-३० उभे केले. त्यामुळे ‘जगातील पहिले’ हे बिरुद बीएमपीला देताना थोडा संयम हवा. तिचे वेगळेपण तिच्यामागच्या कल्पनेत आहे.

४/
ती कल्पना अण्वस्त्रांनी घडवली. सोव्हिएत लष्करी विचारवंतांच्या मते युरोपातील पुढचे युद्ध अणुस्फोटांनी भाजून निघालेल्या भूमीवर होणार होते. तिथे पायी चालणारा सैनिक किरणोत्साराने मरेल. म्हणून सैनिकाने वाहनातून उतरूच नये. आत बसूनच लढावे आणि वेगाने ती भूमी ओलांडावी.

५/
आता चेल्याबिन्स्कमधील अभिकल्पकांनी काय केले ते पाहा. वजन सुमारे १३ टन, उंची जेमतेम दोन मीटर, पाण्यावर तरंगण्याची क्षमता. चालकदल तीन जणांचे, सोबत आठ सैनिक. दूषित हवा गाळणारी यंत्रणा. सैनिकांना बाहेर न येता बंदूक चालवता यावी म्हणून भिंतींना झरोके. एकेक वैशिष्ट्य त्या एकाच भीतीला दिलेले उत्तर आहे.

६/
शस्त्रांचा विचारही नेटका होता. ७३ मिमीची ‘ग्रोम’ तोफ जवळच्या लक्ष्यासाठी. तिच्या पल्ल्यापलीकडे, सुमारे तीन किलोमीटरपर्यंत, तारेने नियंत्रित होणारे ‘माल्युत्का’ क्षेपणास्त्र. कागदावर कुठेही फट नव्हती.

७/
परंतु हलकेपणाची किंमत असते. बाजूचे चिलखत पातळ होते. सैनिक पाठीला पाठ लावून बसत आणि त्यांच्या मधोमध इंधनाची टाकी असे. मागच्या दारांच्या पोकळीतही इंधनच. ज्या दारातून जीव वाचवायचा, तेच पेट घेऊ शकत होते. अणुयुद्धाच्या हिशेबात हा धोका स्वीकारण्याजोगा मानला गेला. आत बसणाऱ्यांना तो हिशेब कोणी विचारला नव्हता.

८/
अणुयुद्ध झालेच नाही. बीएमपी-१ची पहिली मोठी कसोटी १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात, इजिप्त आणि सीरियाच्या सैन्यांत लागली. हलक्या वजनामुळे ती मऊ, दलदलीच्या जमिनीवरही चाले. पण वाळवंटी उन्हात बंद पोलादी पेटीत बसवेना. छताची झाकणे उघडली की संरक्षण संपले. क्षेपणास्त्र चालवायला लागणारे कौशल्य सर्वांपाशी नव्हते.

९/
खरा धडा अफगाणिस्तानने दिला. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य तिथे शिरले. मुजाहिदीन डोंगरमाथ्यावरून मारा करत आणि ‘ग्रोम’ची नळी तेवढी वर उचलली जात नसे. ही तोफ युरोपच्या सपाट मैदानांसाठी घडवली होती. रस्त्यात सुरुंग होते आणि वाहनाचा तळ पातळ होता.

१०/
मग सैनिकांनी स्वतःच निर्णय घेतला : आत न बसता वाहनाच्या पाठीवर बसायचे. बाहेर गोळी लागण्याची भीती होती, पण आत सुरुंगाचा स्फोट झाला तर सुटका नव्हती. टी-३४च्या पाठीवरून सुरू झालेला प्रवास वर्तुळ पूर्ण करून पुन्हा पाठीवरच आला. माझ्या मते या वाहनाच्या इतिहासातील सर्वांत बोलके दृश्य हेच. अभिकल्पकांच्या गृहीतकावर सैनिकांनी दिलेला तो निकाल होता.

११/
पुढे बीएमपी-२ आली. तोफ ३० मिमीची, वेगाने झाडणारी आणि ७० अंशांहून अधिक वर उचलली जाणारी. बुरुजात आता एकाऐवजी दोघे. चिलखताचा मूळ प्रश्न मात्र फारसा सुटला नाही.

१२/
या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. भारताने आधी बीएमपी-१ घेतली. पुढे १९८७ पासून बीएमपी-२ ‘सारथ’ या नावाने मेदक येथील आयुध निर्माणीत तयार होऊ लागली. १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्र अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला आहे. नगरकरांना ही वाहने अपरिचित नाहीत.

१३/
शस्त्रांच्या चर्चेत ‘कोणते श्रेष्ठ?’ हा प्रश्न हमखास येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा : हे कोणत्या युद्धाची कल्पना करून घडवले? शस्त्र हेही दप्तरातील कागदासारखे एक साधन आहे. ते घडवणाऱ्यांची भीती त्यात वाचता येते.

१४/
२० हजारांहून अधिक बीएमपी-१ तयार झाल्या. २०२२ नंतर युक्रेनच्या भूमीवर दोन्ही बाजूंनी त्या पुन्हा उतरल्या. जे युद्ध डोळ्यांसमोर ठेवून त्या घडवल्या ते कधीच झाले नाही. जी झाली, त्यांत मात्र त्या पातळ भिंतींमागे खरी माणसे बसलेली होती. आकडे आणि मिलिमीटर मोजताना एवढे विसरू नये. (समाप्त)