अमळनेर: शंभर रुपये आणि झोपायला जागा

विप्रो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंगळूर येतं. काचेच्या इमारती, गळ्यात आयकार्ड, गेटबाहेर बसेसची रांग. आमच्या खान्देशातल्या माणसाला मात्र आधी अमळनेर आठवतं, आणि वनस्पती तुपाचा डबा. २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली, तिचा कारखाना अमळनेरला. भुईमुगाचं तेल, सनफ्लॉवर वनस्पती आणि कपडे धुवायचा ७८७ साबण, असा सगळा मामला. १९६६ साली ते वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. पुढची गोष्ट आयटीतल्या प्रत्येकाला पाठ आहे, ती सांगत नाही.

सांगायची आहे ती शेअर्सची. कंपनी १९४६ साली शेअर बाजारात आली. कारखाना गावातच असल्यामुळे अमळनेरच्या बऱ्याच लोकांनी तिचे शेअर घेतले आणि काहींनी ते विकलेच नाहीत. हे गाव 'करोडपतींचं गाव' म्हणून पेपरात कितीतरी वेळा छापून आलंय. इंजिनिअर असल्यामुळे मी एकदा एक्सेल उघडून हिशोब मांडला. १९८० साली तुमच्याकडे १०० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर आहे. १९८१ आणि १९८५ ला एकास एक बोनस, मग १०० चा शेअर १० रुपयांचा झाला, मग १९८७, १९८९, १९९२, १९९५ ला पुन्हा एकास एक, १९९७ ला एकास दोन, १९९९ ला १० चा २ रुपयांचा झाला, २००४ ला परत एकास दोन, २००५ ला एकास एक, २०१० ला तीनास दोन. एका शेअरचे झाले ९६,०००! मधली तीस वर्षं तुम्ही काय करायचं? तर काहीच नाही. कागद कपाटात ठेवायचा.

पण हा कागद घ्यायला सुरुवातीला हाताशी मोकळे शंभर रुपये लागायचे. व्यापारी, अडते, कंपनीतली नोकरदार मंडळी यांच्याकडे ते असायचे. प्रताप मिलमध्ये मागावर उभा असलेला कामगार किंवा सावकाराचं व्याज भरणारा कापूसवाला शेतकरी १९४६ साली शंभर रुपये एका कागदात अडकवून ठेवेल? मला नाही वाटत. एकाच गावातले लोक, एकाच कारखान्याचा भोंगा ऐकणारे. फरक त्या शंभरांचा.

गंमत म्हणजे याच गावात वीस-बावीस वर्षं आधी एका वेगळ्याच भांडवलाची गोष्ट घडली होती. कापसावर पैसा मिळवलेल्या श्रीमंत प्रतापशेठांनी अमळनेरात गिरणी काढली, १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं (तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संशोधन संस्था! आजही हे वाचून मला हसू येतं आणि अभिमानही वाटतो), आणि त्यांचं नाव हायस्कूललाही लागलं. त्या तत्त्वज्ञान मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण आला आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाला. साने गुरुजी.

गुरुजींचं नाव निघालं की आपण 'श्यामची आई' आणि डोळ्यांतलं पाणी यावरच थांबतो. मला त्यांचं छात्रालय जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा खेड्यात असलीच तर मराठी शाळा. इंग्रजी शिक्षण पाहिजे तर तालुक्याला या. फी एकवेळ माफ होईल, पण पोरगं राहणार कुठे, जेवणार काय? खेड्यातल्या हुशार पोराचं शिक्षण बुद्धीपाशी नाही, या प्रश्नापाशी अडायचं. शाळेच्या छात्रालयाने तो प्रश्न सोडवला, आणि गुरुजी तिथे मुलांबरोबर राहायचे. त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा वर्षं हे चाललं.

अर्थशास्त्रात याला मानवी भांडवल म्हणतात. गॅरी बेकरचं त्या नावाचं पुस्तक १९६४ सालचं. शिक्षणावरचा खर्च हा खर्च नसून गुंतवणूक आहे, असा त्याचा मुद्दा. बरोबरच आहे. पण शेअर आणि शिक्षण यांत एक मोठा फरक आहे. शेअर अमळनेरच्या कपाटात राहून बंगळूरची कमाई गावात आणतो. शिकलेलं पोरगं सुरत-भुसावळ लाईनवर गाडीत बसतं आणि पुणे, मुंबई, सुरत गाठतं. घरी पैसे पाठवतं, घर बांधतं, बहिणीचं लग्न करतं, पण गावात राहत नाही. मी त्यातलाच, त्यामुळे कुणावर टीका करत नाहीये.

यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी सवलत आली आणि फीचा अडसर बराच कमी झाला. १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि तो नव्या रूपात परत आला. या कॉलेजांना शिव्या घालणं सोपं आहे. ती नसती तर जळगाव-धुळ्याची माझ्यासारखी शेकडो पोरं इंजिनिअर झालीच नसती, हेही खरं. पण सीट घ्यायला शेत विकावं लागलं, तर ज्याच्याकडे विकायला शेतच नाही त्याने काय करायचं? म्हणजे फिरून पुन्हा शंभर रुपयांचा शेअरच की.

हे सगळं सपाटीवरचं झालं. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा पोरांपर्यंत ना शेअर पोचला ना छात्रालय. १९०६ पर्यंत सगळा खान्देश एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, आणि १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत साक्षरता पाहा: जळगाव ७८ टक्के, धुळे ७३, नंदुरबार ६४. कापूस, रेल्वे आणि गिरण्यांच्या पट्ट्यापासून डोंगराकडे सरकत जा, आकडा उतरत जातो. (आमच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्या जळगावच्या सुपीक पट्ट्यातल्या होत्या!)

आज डोंगरातल्या पोरांसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. म्हणजे छात्रालयाचाच सरकारी अवतार. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने शहरांतल्या या वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या बँक खात्यात टाकायचं ठरवलं. कागदावर एकदम चकाचक योजना. मधला ठेकेदार गेला, गळती थांबली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे लगेच पटतं. पण पैसे वेळेवर आले नाहीत तर त्या रात्री जेवायचं काय? आणि आले, पण त्याच आठवड्यात घरी कुणी आजारी पडलं तर ते घरी पाठवायचे की खानावळीत द्यायचे? त्या जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांची मुख्य मागणी होती, वसतिगृहातली खानावळ परत सुरू करा.