द्राक्षमद्यशाळा, कौटुंबिक
एकाच कुटुंबाच्या मालकीची द्राक्षबाग व तीस जोडलेली वाइननिर्मितिशाळा. फ्रान्समधील अटलांटिकलगतच्या बॉर्दो प्रदेशात अनेक घराण्यांकडे बाग, तळघर व बाटलीवरील नाममुद्रा ही तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिली. सागरी वाऱ्यांमुळे तेथील हवामान सौम्य, पण दमट असते. या दमटपणाने फैलावणाऱ्या केवडा रोगावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण तेथे १८८५ च्या सुमारास प्रचारात आले. ‘बोर्डो मिश्रण’ या नावाने ते महाराष्ट्रातील बागाईतदारांनाही परिचित आहे.

महाराष्ट्रात द्राक्षवेलीचे वर्ष मोसमी पावसाने बांधलेले आहे. येथील वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जात नाही. म्हणून तिची दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणीने फळकाड्या तयार करून घेतात आणि पावसाळ्याअखेरच्या फळछाटणीने घड धरतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत होते.

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव (ता. जुन्नर) येथे शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइनची निर्मिती सुरू केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशांतही विकली गेली. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये नासिक येथे ‘सुला’ची स्थापना केली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगविषयक धोरण जाहीर करून करसवलती दिल्या, विंचूर (जि. नासिक) व पलूस (जि. सांगली) येथे वाइन उद्याने स्थापन झाली.

या विस्तारात बाग व मद्यशाळा यांची मालकी बऱ्याच ठिकाणी वेगळी राहिली : बाग शेतकरी कुटुंबाची, तर मद्यशाळा उद्योजकाची, दोहोंमध्ये दुवा फक्त खरेदी कराराचा. वाइनची द्राक्षे लहान मण्यांची, जाड सालीची व बियांची असतात. खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसते. त्यामुळे २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांना वेली उपटून पुन्हा टॉमसन सीडलेससारख्या खाण्याच्या जाती लावाव्या लागल्या. नारायणगावचा उद्योगही कर्जात सापडून बंद पडला. मद्यशाळेची अडचण अशा रीतीने बागेवर आली.

बाग व निर्मिती यांचा मेळ घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अकलूज (जि. सोलापूर) परिसरातील ‘फ्रातेल्ली’ हा उद्योग २००७ मध्ये मोहिते-पाटील, सेखरी व इटलीतील सेक्की या तीन कुटुंबांतील भावांनी मिळून उभारला, इटालियन भाषेत या नावाचा अर्थ ‘भाऊ’ असाच आहे. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाइनच्या जातींवरही संशोधन होते. तथापि वेल लावल्यापासून भरघोस पीक येईपर्यंत काही वर्षे जातात, तर बाजार एका हंगामात पालटतो. हे अंतर सोसण्याचे बळ बागाईतदार कुटुंबाला कितपत मिळते, यावर महाराष्ट्रातील या व्यवसायाचे स्थैर्य अवलंबून आहे.