रिपोर्ट कोणाच्या भाषेत?

आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. अशा ऊसपट्ट्यात साखर दोन प्रकारची असते. एक कारखान्यातली, जिच्यावर उसाचं बिल आणि घर चालतं. दुसरी रक्तातली, तिला मात्र 'शुगर' म्हणायचं. 'मला शुगर आहे' हे वाक्य इतकं रुळलंय, की त्यात आजाराचं नावच नाही हे आपल्या लक्षात येत नाही. शुगर तर प्रत्येकाच्याच रक्तात असते. किती आहे, कधी मोजली आणि आता काय करायचं, हे खरे प्रश्न. त्यांची उत्तरं आजवर कोणाच्या हातात होती, त्याची ही गोष्ट.

चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या येतात, अशी नोंद आहे. म्हणजे सगळ्यात जुनी तपासणी अंगणात, कोणालाही दिसेल अशी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेनेडिक्टचं द्रावण आलं. लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. रंग निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी झाला तर साखर वाढत गेलेली. अक्षरओळख नसलेल्यालाही हा रिपोर्ट वाचता यायचा.

1922 मध्ये माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं आणि एक नवीनच अडचण उभी राहिली. रुग्ण आता जगणार होता, पण रोजचा डोस आणि रोजचं जेवण सांभाळायला डॉक्टर घरी येणार नव्हता. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी हे आधीच ओळखलं होतं. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून वापरायचं मधुमेहाचं पुस्तक त्यांनी 1918 मध्येच काढलं. दीर्घ आजारात रुग्णाला शिकवणं हा उपचाराचाच भाग असतो, ही समज तेव्हापासूनची.

आपल्याकडचं आरोग्यशिक्षण मात्र वेगळ्या आजारांवर पोसलं गेलं. देवी, पटकी, मलेरिया, क्षय. या आजारांना शेवट असतो. ताप उतरतो, कोर्स संपतो, गोळी बंद होते. पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिलेला माणूस 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?' असं विचारतो, तेव्हा तो अडाणीपणा करत नसतो. त्याचं तर्कशास्त्र बरोबर असतं, आजार वेगळा असतो. इथे रिपोर्ट नॉर्मल येतो तो बहुतेकदा गोळी चालू आहे म्हणून. हे एक वाक्य कोणी समजावून सांगितलं नाही, तर त्याची किंमत पुढे डोळे, किडनी आणि पाय मोजतात.

दुसरा गैरसमज 'बारीक माणसाला शुगर होत नाही' हा. तो पुण्यातूनच खोडला गेला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वरून न दिसणारा धोका एका फोटोत दिसला.

आता तपासण्या पुष्कळ झाल्या. बोट टोचून येणारा आकडा हा त्या क्षणाचा असतो. एचबीए1सी हा साधारण तीन महिन्यांचा अंदाज देतो, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून मला ते असं दिसतं: पहिली लॉगमधली एक ओळ, दुसरी तीन महिन्यांची सरासरी. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडलं तर ओळ सुधारेल, सरासरी फारशी हलणार नाही. पण हा फरक ज्या कागदावर असतो, तो इंग्रजीत असतो. परीक्षानळीतला विटकरी रंग आजीला कळला असता. ठळक छापलेला 'एच' कळत नाही.

शिक्षण कमी म्हणून समज कमी, हे खरं नाही. नगर जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. आधी विश्वास, मग त्यांच्याच बोलीत माहिती. आज आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतात: तंबाखू, कमरेचा घेर, घरात कोणाला शुगर आहे का. फॉर्म वर जातो. त्याचं उत्तर समजेल अशा भाषेत त्याच उंबऱ्यावर परत यायला हवं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यातल्या अनेकांचा रिपोर्ट आता पीडीएफ होऊन मुलाच्या नाहीतर नातीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. म्हणजे तो वाचायचं काम आपल्याकडे आलंय. 'ठीक आहे' एवढंच सांगून तो फॉरवर्ड करू नका. किती आहे, मागच्या वेळी किती होता आणि गोळीबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं, हे शेजारी बसून मराठीत सांगा. पाच मिनिटं लागतात.