न दिसणाऱ्या माणसाचा सिनेमा

'मिस्टर इंडिया' हा हिंदी चित्रपट २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झाला. आमच्या वस्तीत तो आला त्यानंतर सात-आठ वर्षांनी. भीमजयंतीच्या वर्गणीतले थोडे पैसे उरले होते. त्यातून दारव्ह्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला आणि विहारासमोरच्या पटांगणात रात्रभर तीन सिनेमे लावले. माझे वडील सालगडी. दिवसभर उन्हात राबून आलेली त्यांच्यासारखी माणसे पहिल्याच सिनेमाला झोपी गेली, ती या दुसऱ्याला जागी झाली. भेसळखोर किराणा दुकानदाराला कुणी न दिसणारा माणूस त्याचेच खडे खायला लावतो, तेव्हा पटांगणात जो गलका झाला तो अजून माझ्या कानांत आहे. आमच्याही ज्वारीत खडे असत आणि उधारीची वही दुकानदाराकडे असे. शेजारची एक बुढी म्हणाली, "तो दिसत नाई म्हून मारते. आपन दिसतो म्हून मार खातो." पुढे मी शिकलो, मास्तर झालो, या विषयावर पुष्कळ वाचले. पण बुढीच्या त्या वाक्याच्या फार पुढे गेलो असे वाटत नाही.

अशा धंदेवाईक सिनेमावर विचार करायची आपल्याकडे पद्धत नाही. करमणूक म्हणून तो बाजूला टाकला जातो. परंतु जी गोष्ट आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा पाहिली, तिचा इतिहास तपासल्यावाचून तिला नाकारणे हा आळस आहे.

अदृश्य माणसाची ही कल्पना मुळात इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची. त्यांची कादंबरी १८९७ ची. १९३३ साली हॉलिवूडमध्ये जेम्स व्हेल यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात नटाचे अंग काळ्या मखमलीत गुंडाळून, मागेही काळीच मखमल लावून, फक्त वरचे कपडे हलताना दाखवण्याची युक्ती होती. चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबईत विजय भट्ट यांनी 'ख्वाब की दुनिया' काढला. त्यातली किमया बाबूभाई मिस्त्री या तरुण कारागिराची. काळ्या पडद्यासमोर वस्तू काळ्या दोऱ्याला बांधून त्याने त्या हवेत हलवल्या आणि त्याचे नावच 'काला धागा' पडले. सगळे काही आपण पेलायचे आणि स्वतः मात्र दिसायचे नाही, हे त्या धाग्याचे काम. श्रमाची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही.

पुढे १९५७ मध्ये अशोककुमारांचा 'मिस्टर एक्स' आला, १९६४ मध्ये किशोरकुमारांचा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आला. म्हणजे अदृश्य नायक मुंबईला नवा नव्हता. 'मिस्टर इंडिया'त अदृश्य होण्याचे यंत्र नायकाच्या हाती सोपवणारे वृद्ध प्राध्यापक अशोककुमारच आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या अदृश्य माणसाने आपला वारसा पुढे दिला, असेच ते वाटते.

पटकथा सलीम-जावेद यांची. ही जोडी तोवर फुटली होती आणि त्यांच्या नावाने एकत्र आलेला त्या काळातला हा अखेरचा मोठा चित्रपट. नायक पडद्यावर दिसत नाही, नुसता आवाज चालतो. तेव्हा अमिताभ बच्चन यांच्या आवाजावर हा सिनेमा उभा करावा, असा मूळ बेत होता असे सांगतात. तो जमला नाही. निर्माते बोनी कपूर यांनी 'मासूम' (१९८३) काढणाऱ्या शेखर कपूर यांच्याकडे दिग्दर्शन दिले आणि नायक झाला अनिल कपूर. कॅमेरा बाबा आझमी यांचा, चमत्काराची दृश्ये पीटर परेरा यांची. संगणक तेव्हा या कामात नव्हता. तारा, दोरे आणि कॅमेऱ्यातल्या हातचलाख्या यांवरच सारी भिस्त. अमरीश पुरी यांच्या मोगॅम्बोचा तो झगमगीत पोशाख शिवणारे माधव अगस्ती आपल्या विदर्भातले. पडद्यावर मोगॅम्बो गाजला. शिंप्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

चित्रपट टिकला तो मोगॅम्बोमुळे आणि श्रीदेवीमुळे, असे सगळे म्हणतात. ते खरेही आहे. पण आमच्या पटांगणात तो टिकला भुकेमुळे. भाडे थकलेले घर, वाण्याने बंद केलेली उधारी, रिकाम्या पोटी झोपणारी अनाथ मुले. भुकेला इतकी जागा देणारा दुसरा विज्ञानपट मला माहीत नाही. परदेशी विज्ञानपटात माणूस ग्रहताऱ्यांवर जातो. इथे विज्ञानाचा पहिला उपयोग रेशनच्या प्रश्नावर झाला. आणि बॉम्बस्फोटात ती छोटी टीना मरते तेव्हा यंत्र असूनही नायक काही करू शकत नाही.

म्हणून सगळे माफ करता येत नाही. श्रीदेवीच्या गाजलेल्या 'हवाहवाई' नाचात मागे नाचणारी माणसे तोंडाला काळे फासून 'रानटी' बनवलेली आहेत. अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली ज्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच मुंबईत पंधरा वर्षांनी हे घडले आणि त्याची खंत कुणाला वाटली नाही. दुसरे असे की नायकाचे नाव 'मिस्टर इंडिया', पण या इंडियात जात कुठेच नाही. शत्रू आहे तो बेटावर राहणारा परका सेनापती. गावाच्या वेशीतला शत्रू पटकथेत नाही.

अदृश्यता आमच्यासाठी वरदान कधी नव्हती. १९५२ साली राल्फ एलिसन या निग्रो लेखकाने आपल्या कादंबरीला 'इनव्हिजिबल मॅन' हेच नाव दिले. तिथे यंत्र नाही. गोऱ्यांची नजरच काळ्या माणसाला पाहायला नकार देते. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. जात चोरणे म्हणजे तरी काय? मनगटावर ते यंत्र बांधणेच. पण सिनेमात लाल प्रकाश पडला की अदृश्य माणूस दिसू लागतो, तसा आपल्याकडेही कुणी आडनाव विचारतो, गाव विचारतो. वेल्सच्या कादंबरीत जमाव अदृश्य माणसाला ठेचून मारतो आणि मेल्यावर त्याचा देह हळूहळू दिसू लागतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत चार माणसे मारली गेली. ती मेल्यावरही मोठ्या वृत्तपत्रांना दिसायला कित्येक आठवडे लागले.

शेखर कपूर यांनी पुढे १९९४ मध्ये फूलनदेवींवर 'बँडिट क्वीन' काढला. त्यात काहीच लपवलेले नव्हते. फूलनदेवी मात्र स्वतः त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आपले दिसणे दुसऱ्याने ठरवावे, हे त्यांना मान्य नव्हते.

'मिस्टर इंडिया'च्या शेवटी नायक कबूल करतो की तो अदृश्य माणूस मीच. पण यंत्र वाटेत हरवलेले असते. शेवटची मारामारी तो उघड्या अंगाने, सगळ्यांना दिसत करतो. समीक्षकांना ही पटकथेची सोय वाटेल. मला हा सिनेमातला सर्वांत खरा भाग वाटतो.

आता यवतमाळला शिकवताना मी दर वर्षी हा सिनेमा वर्गात काढतो आणि विचारतो, ते यंत्र मिळाले तर काय कराल? पोरे बँक सांगतात, परीक्षेचे पेपर सांगतात, हसतात. मागे एकदा कोलाम पोडावरची एक मुलगी, वर्षभरात कधी न बोललेली, उभी राहिली. म्हणाली, "सर, कचेरीत जाईन. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज कोनत्या टेबलावर पडून हाय, ते पाहीन."