‘तारासदृश’ : एका संज्ञेचा इतिहास

खगोलविज्ञानातील संज्ञा पुष्कळदा वस्तूचे स्वरूप सांगत नाहीत. मोजमापाची मर्यादा सांगतात. ‘क्वेसार’ ही अशीच संज्ञा होय. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी थ्रीसी २७३ या सुमारे १३ व्या प्रतीच्या ‘ताऱ्या’च्या वर्णपटातील रेषा हायड्रोजनच्याच, परंतु सुमारे १६ टक्के ताम्रसृत असल्याचे दाखविले. इतक्या दूरची वस्तू तारा असणे अशक्य होते. तथापि छायाचित्रात ती बिंदुवत् दिसे. म्हणून १९६४ मध्ये हाँग-यी चिऊ यांनी ‘तारासदृश’ अशा अर्थाची ही संज्ञा योजिली.

१९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी अभ्यासिलेल्या दीर्घिकांत तेजस्वी केंद्र आणि सभोवतालची दीर्घिका ही दोन्ही दिसत होती. क्वेसारच्या बाबतीत केंद्राचे तेज दीर्घिकेला झाकून टाकी. हे दोन प्रकाश वेगळे मोजावयाचे, तर खऱ्या ताऱ्याची प्रतिमा दुर्बिणीत किती पसरते ते पाहून तेवढा भाग वजा करावा लागतो. वजाबाकी किंचित चुकली, तरी असलेली दीर्घिका लोपते किंवा नसलेली भासते. यास्तव वर्णपटाची साक्ष आवश्यक होती. १९८२ मध्ये बोरोसन व ओक यांना थ्रीसी ४८ भोवतीच्या अंधुक प्रकाशात ताऱ्यांच्या शोषणरेषा आढळल्या.

तारासदृश वस्तूभोवती खरेखुरे तारे निघाले. संज्ञा मात्र तीच राहिली.