धाराशिव जिल्ह्यातील जागल आणि वन्यजीव कायदा

बालाघाटच्या रांगांलगतच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात पीकराखणीचे दोन भिन्न प्रकार रूढ होते. कणसात दाणा भरल्यावर पाखरांसाठी दिवसा माळ्यावरून गोफण फिरविली जाई. कोवळ्या उगवणीची राखण याहून कठीण. हरणांचे कळप ज्वारी-हरभऱ्याचे कोंब खुडतात, रानडुकरे पेरलेले बी उकरतात. त्यासाठी रात्रीची जागल, शेकोटी, डब्यांचा आवाज आणि बाभळी-बोरीच्या काट्यांचे कुंपण हेच उपाय होते. बुजगावण्याला तर जनावर लवकरच सरावते. रब्बीचे पीक जमिनीतील ओलीवर येते. ओल उडाल्यावर दुबार पेरणी साधत नाही, म्हणून या काही रात्रींवर वर्षाची भाकरी अवलंबून असे.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने या व्यवहारास नवे परिमाण दिले. रानडुक्कर व रोही (नीलगाय) उभ्या पिकास घातक ठरल्यास त्यांच्या शिकारीची लेखी परवानगी देण्याची तरतूद त्यात आहे. काळविटाचा समावेश मात्र पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पिकाच्या नुकसानीसाठी तशी परवानगी मिळत नाही. अनुसूचींची फेररचना करणाऱ्या २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हा भेद कायम राहिला. संरक्षण आवश्यकच होते. परंतु त्याचा भार कोरडवाहू शेतकऱ्यावर विषम प्रमाणात पडला, हे नोंदविले पाहिजे. शासकीय भरपाई नुकसान झालेल्या पिकाची मिळते. पीक वाचविण्यासाठी जागविलेल्या रात्री पंचनाम्यात येत नाहीत.