थंड हवेची वाट

माल थंड ठेवणाऱ्या रीफर कंटेनरची जमीन सपाट नसते. खाली ॲल्युमिनिअमच्या 'टी' आकाराच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामधून या टोकापासून त्या टोकापर्यंत खाचा गेलेल्या असतात. भिंतींवर, छताच्या थोडं खाली, एक लाल रेघ असते. तिच्या वर माल चढवायचा नाही, असा दंडक. निफाड-दिंडोरीकडच्या पॅक हाऊसमध्ये कंटेनर लागला की द्राक्षाच्या पेट्या भरताना या दोन गोष्टींवर बारीक नजर ठेवावी लागते. यंत्रातली थंड हवा खाचांतून सरकते, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि लाल रेघेवरच्या मोकळ्या जागेतून यंत्राकडे परतते. मधे कुठे ही वाट बुजली, तर तिथला माल रॉटरडॅमला पोचेपर्यंत उतरलेला असतो.

समुद्रापार ताजं अन्न पाठवण्याच्या इतिहासात मान मिळतो तो थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रांना. तो त्यांचा हक्कच आहे. पण रीफरचं कूळ शोधत मागे गेलं, की प्रत्येक पिढीला अडवणारा प्रश्न एकच दिसतो: केलेली थंडी मालापर्यंत न्यायची कशी?

पहिल्या पिढीकडे यंत्र नव्हतं, बर्फ होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून १८०६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेला. १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कोलकात्याला निघालं. चार महिन्यांच्या वाटेत त्याने विषुववृत्त दोनदा ओलांडलं, तरी पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईतही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघर उभं राहिलं. उष्णता बाहेर कशी रोखायची, हे या व्यापाराने शिकवलं. मांसाला मात्र एवढं पुरत नव्हतं. १८७३ मध्ये ऑस्ट्रेलियातून जेम्स हॅरिसनने 'नॉरफोक' जहाजावर गोठवलेलं मांस लंडनला धाडलं. वाटेत ते थंड ठेवण्याची भिस्त बर्फ आणि मिठावर होती. मांस सडलं, समुद्रात टाकावं लागलं आणि हॅरिसनचं दिवाळं निघालं.

मग यंत्रंच जहाजावर चढली. १८७६ मध्ये फ्रेंच अभियंता शार्ल तेलिए याचं 'फ्रिगोरिफिक' जहाज रुआँहून ब्वेनोस आयर्सला मांस घेऊन पोचलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत 'पाराग्वे' जहाजाने उलट दिशेने गोठवलेलं मांस फ्रान्सला आणलं. १८८० च्या सुरुवातीला 'स्ट्रॅथलेव्हन' ऑस्ट्रेलियातून सुमारे ४० टन गोठलेलं मांस घेऊन लंडनला लागलं.

पण या कुळाचा मूळपुरुष शोधायचा, तर मी 'डनेडिन' या शिडाच्या जहाजाकडे जाईन. न्यूझीलंडमध्ये तेव्हा माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त होत्या. लोकरीला गिऱ्हाईक होतं, मांसाला नव्हतं. जास्तीच्या मेंढ्या उकळून चरबी काढायची आणि उरलेलं फेकायचं. तिकडे ब्रिटनमधल्या कारखान्यांच्या शहरांत मांस महाग होतं. विल्यम डेव्हिडसन आणि टॉमस ब्रायडन या दोघांनी ही दोन टोकं जोडायचं ठरवलं. ओमारूजवळच्या टोटारा इस्टेटवर मेंढ्या कापल्या गेल्या आणि पोर्ट चाल्मर्स बंदरात मांस जहाजावर गोठवायला सुरुवात झाली. पहिल्याच प्रयत्नात यंत्राचा क्रँकशाफ्ट मोडला, भरलेला माल काढून तिथेच विकावा लागला. दुरुस्ती झाली, जहाज पुन्हा भरलं आणि १५ फेब्रुवारी १८८२ ला सुमारे ५००० धडं घेऊन ते निघालं.

जहाजावर बेल-कोलमन यंत्र होतं. ते हवा दाबायचं. दाबलेली हवा तापते, तिला समुद्राच्या पाण्याने निववायचं. मग मोकळी सोडली, की ती पसरता पसरता कडक थंड होते. हीच हवा थेट मालाच्या कोठीत जायची. वारा जहाज पुढे न्यायचा आणि कोळसा थंडी करायचा. त्या कोळशाच्या ठिणग्यांनी शिडांना आग लागण्याची धास्ती कायम असे.

उष्ण कटिबंधात शिरल्यावर कॅप्टन जॉन व्हिट्सनच्या लक्षात आलं, की यंत्र चालू असूनही कोठीत थंडी सारखी पसरत नाही. तो स्वतः मुख्य हवावाहिनीत सरपटत शिरला आणि हवेला बाहेर पडायला नवी भोकं पाडू लागला. ती पडली, पण तोवर त्याचं अंग इतकं गारठलं, की त्याला मागे फिरता येईना. जहाजावरचा मेट त्याच्या मागोमाग आत गेला, पायांना दोर बांधला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला लागलं, तेव्हा त्या हजारो धडांपैकी एकच टाकाऊ ठरलं. न्यूझीलंडची अर्थव्यवस्था पुढे कित्येक दशकं या धंद्यावर उभी राहिली. व्हिट्सनने पाडलेली ती भोकं मला यंत्राइतकीच मोलाची वाटतात. रीफरच्या जमिनीतल्या खाचा त्याच जातीच्या आहेत.

मांसानंतर फळं आली आणि प्रश्न अवघड झाला. गोठलेलं मांस मेलेलं असतं. उणे १८ अंशांवर ते गच्च रचून त्याच्या भोवतीने हवा फिरवली, तरी भागतं. फळ झाडावरून उतरल्यावरही श्वास घेतं आणि स्वतःची उष्णता सोडत राहतं. म्हणून हवा पेट्यांच्या आतून जावी लागते. शिवाय प्रत्येक फळाचा स्वभाव निराळा. द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवावं लागतं. केळं १३ अंशांच्या फार खाली गेलं, तर साल काळवंडते. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी पहिल्या महायुद्धानंतर सफरचंदांवर प्रयोग केले. कोठीतला प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त ठेवला, तर फळाचा श्वास मंदावतो आणि ते जास्त टिकतं, असं त्यांनी दाखवलं. आज काही रीफरमध्ये तापमानाबरोबर हवेतले वायूही राखले जातात, त्याचा पाया हाच.

१९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि कंटेनरचं युग आलं. सुरुवातीच्या अनेक थंड कंटेनरांना स्वतःचं यंत्र नव्हतं. टोकाला दोन गोल भोकं असत आणि जहाजाच्या यंत्रातली हवा एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर येई. पुढे प्रत्येक कंटेनरलाच यंत्र बसलं. जहाजावर आणि बंदरात ते विजेच्या प्लगवर चालतं, नाशिक ते न्हावा शेवा रस्त्यावर सोबतच्या जनरेटरवर. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा आपली द्राक्षं केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला गेली. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, तरी ती जाऊ शकली, हे या कुळाचं कर्तृत्व.

मात्र रीफरची एक मर्यादा बागायतदाराने पक्की ओळखलेली असते. तो माल थंड ठेवतो. गरम माल थंड करणं हे त्याचं काम नाही. उन्हातून आलेला घड काही तासांच्या आत प्री-कूलिंगला गेला नाही, तर पुढे कितीही चांगला कंटेनर मिळो, गेलेला टिकाऊपणा परत येत नाही. म्हणजे थंड हवेची वाट जहाजावर सुरू होत नाही, बागेपासून सुरू होते. पहाटे घड उतरवणारे मजूर आणि पॅक हाऊसमध्ये मणी न दुखावता पेट्या भरणाऱ्या बायका तिची पहिली पावलं टाकतात. नाशिकच्या द्राक्षाला प्री-कूलिंगची सोय शेताजवळ मिळाली, म्हणून ते युरोपात पोचलं. ज्या तालुक्यांत अशी शीतगृहं नाहीत, तिथल्या फळाला बंदर कितीही जवळ असलं, तरी समुद्र दूरच राहतो. निर्यातीचा पैसा खर्च करायचा, तर आधी तिथे करायला हवा.